स्कूल बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबली असेल तर आपणही थांबायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत येऊन तीन महिने झालेत. जायला दोन लेन, यायला दोन लेन आणि मधे डावीकडे वळणाऱ्यांसाठी पिवळ्या रेघांची टर्न लेन असा रस्ता. स्कूल बस पलीकडच्या बाजूला लाल दिवे लावून उभी होती, तुम्ही तुमच्या बाजूने सरळ निघून गेलात आणि बसवाल्याने लांबलचक हॉर्न मारला. चूक कोणाची, आणि आता दंडाचं तिकीट येईल का?

चूक तुमची. हॉर्नही तुमच्यासाठीच होता.

मनाला लावून घेऊ नका, हीच चूक मी इथल्या पहिल्याच हिवाळ्यात केली आहे. फरक एवढाच, की माझ्या मागे पोलिसांची गाडी होती. खिडकीशी येऊन पोलिसाने विचारलं, बस दिसली नाही का? मी अगदी निरागसपणे म्हणालो, दिसली ना, पण ती त्या बाजूला होती. म्हणजे बस पाहिली होती आणि पाहूनही थांबलो नाही, हे मीच त्याला सांगून टाकलं. तो पुढे एक शब्दही बोलला नाही, शांतपणे लिहीत बसला.

आपल्या डोक्यात 'रस्त्याची बाजू' घट्ट बसलेली असते. ती लेन त्यांची, ही आपली, तिकडे काय चाललंय याच्याशी आपला संबंध नाही. स्कूल बसचा कायदा मात्र बसभोवती आखलेला नाही, बसमधून उतरणाऱ्या मुलाभोवती आखलेला आहे. त्या मुलाचं घर तुमच्या बाजूला असू शकतं. बसच्या नाकापुढून निघून ते थेट तुमच्या लेनमध्ये येणार, आणि बसच्या धुडाआडून बाहेर पडेपर्यंत तुम्हाला ते दिसणारही नाही.

न्यू जर्सीचा नियम असा आहे. लाल दिवे लुकलुकत असताना मागून येणाऱ्याने आणि समोरून येणाऱ्यानेही बसपासून किमान 25 फुटांवर थांबायचं, म्हणजे साधारण दीड गाडीचं अंतर. मुख्य सूट एकच: मधे खराखुरा दुभाजक असेल, म्हणजे कठडा, गवताचा पट्टा किंवा उंच केलेला मिडियन, तर पलीकडच्या बाजूच्या गाड्यांनी न थांबता ताशी 10 मैलांच्या आत वेग ठेवून जायचं. रंगवलेली रेघ म्हणजे दुभाजक नव्हे. टर्न लेन तर नव्हेच, ती कितीही रुंद असो. तुमचं आणि माझं गणित चुकलं ते इथेच. (बस शाळेच्याच दारात उभी राहून मुलं चढवत-उतरवत असेल, तर मात्र 10 मैलांच्या आत हळू पुढे जायला परवानगी आहे. शाळेसमोर विनाकारण खोळंबलेली रांग दिसते, ती बहुतेकदा हे ठाऊक नसल्यामुळे.)

आता माझी मुलगी स्कूल बसनेच जाते आणि रोज सकाळी मी थांब्यावर उभा असतो, त्यामुळे हा सगळा प्रकार बसच्या बाजूने बघायला मिळतो. थांब्याच्या अलीकडेच पिवळे दिवे लुकलुकायला लागतात. त्याचा अर्थ 'थांबायच्या तयारीला लागा'. पण सिग्नलला पिवळ्यात गाडी दामटायची सवय असलेले लोक नेमके इथेच ॲक्सिलरेटर दाबतात. मग एअर ब्रेकचा फुस्स आवाज येतो, दार उघडतं, लाल दिवे लागतात, डाव्या अंगाने अष्टकोनी स्टॉपची पाटी खटकन बाहेर येते. त्याच वेळी पुढच्या बंपरवरून एक लांब दांडी समोर उघडते. ती गाड्यांसाठी नाही, मुलांसाठी आहे. बसच्या अगदी पुढ्यात लहान मूल असेल तर ड्रायव्हरला उंच सीटवरून दिसत नाही, म्हणून मुलांनी दांडीला वळसा घालून लांबूनच जायचं. आमच्या बसच्या ड्रायव्हर एक आजी आहेत. त्या आधी उजवा आरसा बघतात, मग डावा, मग समोरच्या गाड्या खरंच उभ्या राहिल्यात का ते बघतात आणि मगच काचेतून हात हलवून मुलांना 'या' म्हणतात. हात हलल्याशिवाय एकही पोर पाऊल टाकत नाही. एकदा हात हलायच्या अर्धा सेकंद आधी एक करडी सेडान सुसाट निघून गेली. आजींचा हात हवेतच राहिला.

आता तुम्ही उद्या दुसऱ्या राज्यात गेलात तर? लाल दिवे आणि पाटी बाहेर असताना बस ओलांडणं पन्नासही राज्यांत बेकायदा आहे. राज्याराज्यांत बदलतं ते पलीकडच्या बाजूचं. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये तर मधे दुभाजक असला तरी दोन्ही बाजूंनी थांबावं लागतं, त्यामुळे पूल ओलांडून गेलात की इथली सूट विसरा. उलट कॅलिफोर्नियात प्रत्येक दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर पलीकडच्यांनी थांबायची गरज नाही, कारण तिथे आठवीपर्यंतच्या मुलांना रस्ता ओलांडायचा असेल तर ड्रायव्हर स्वतः हातात स्टॉपची पाटी घेऊन खाली उतरतो आणि त्यांना पलीकडे नेतो. जॉर्जियाने 2018 मध्ये कायद्याचे शब्द बदलले आणि टर्न लेन असेल तर समोरच्यांनी थांबायचं की नाही, यावर एवढा गोंधळ झाला की 2019 मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. तेव्हा हा प्रश्न फक्त तुम्हालाच पडला असं समजू नका, विधिमंडळांनाही पडतो.

शब्दांवरून आठवलं. व्हर्जिनियात बस ओलांडणं हे थेट बेदरकार वाहन चालवणं धरलं जातं आणि त्याला वर्षभरापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पण तिथल्या कायद्यातून 1970 मध्ये 'ॲट' हा दोन अक्षरी इंग्रजी शब्द गळून पडला आणि 'बसपाशी थांबला नाही' ऐवजी 'उभी असलेली बस थांबवली नाही' असा अर्थ होऊन बसला. चाळीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. 2010 मध्ये एका वकिलाने ते कोर्टात दाखवून दिलं आणि त्याचा अशील सुटला. उभी बस कोण कशी थांबवणार! 2011 मध्ये तो शब्द परत घातला. न्यू जर्सीत असं काही सापडेल अशी आशा ठेवू नका.

मला मात्र या विषयात एकच घटना विसरता येत नाही. 2018 च्या ऑक्टोबरअखेर इंडियानातल्या रॉचेस्टरजवळ, सकाळी सातनंतर पण अजून अंधारच असताना, बस पकडायला रस्ता ओलांडणाऱ्या चार मुलांना एका पिकअपने उडवलं. त्यातली तीन भावंडं गेली. बसचे दिवे चालू होते, पाटी बाहेर होती. गाडी चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की दिवे दिसले होते, पण ती स्कूल बस आहे हे कळलं नाही. बसचा तो पिवळा रंग 1939 मध्ये न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ठरला, कारण पहाटेच्या संधिप्रकाशात त्यावरची काळी अक्षरं चटकन दिसतात. पूर्ण अंधारात तो रंग कामाला येत नाही, दिसतात ते फक्त लुकलुकणारे दिवे. म्हणून हिवाळ्यात सकाळी पुढे काहीही लुकलुकताना दिसलं की आधी पाय ब्रेकवर, ते काय आहे याचा विचार नंतर.

थांबल्यावर निघायचं कधी? दिवे बंद झाले आणि पाटी आत गेली, की. मुलं फुटपाथवर पोचलेली दिसली तरी तोवर नाही, एखादं मागे राहिलेलं धावत येतंच. मागचा हॉर्न मारत असेल तर मारू दे.

आता तिकिटाचं. बसवाले अशा वेळी गाडीचा नंबर टिपून पोलिसांना कळवतात, त्यामुळे पोलिस तिथे नव्हते म्हणजे सुटलो असं नाही. इथे पहिल्या गुन्ह्याला किमान 100 डॉलर दंड आहे, कायद्यात 15 दिवसांपर्यंतच्या कैदेची किंवा समाजसेवेचीही तरतूद आहे, पण खरा फटका बसतो तो लायसन्सवर चढणाऱ्या 5 पॉइंट्सचा, म्हणजे चुकांच्या गुणांचा. तीन वर्षांत सहा झाले की सरचार्ज, म्हणजे दंडाशिवायचा जादा आकार, सुरू होतो; तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहता. माझे दंडाचे पैसे एकदाच गेले, इन्शुरन्सचा वाढलेला हप्ता पुढे कितीतरी दिवस भरत होतो. एक वर्ष काही न करता नीट गाडी चालवलीत तर तीन पॉइंट्स कमी होतात.

नोटीस आलीच, तर कोर्टात जाण्याआधी एखाद्या ट्रॅफिकच्या वकिलाशी बोलून घ्या. आणि 'बस दिसली होती, पण ती त्या बाजूला होती' हे वाक्य मात्र तिथे उच्चारू नका.