सह्याद्री बेसॉल्टचा, मग महाराष्ट्र महासागराचा तळ का नाही?

तुम्ही विचारलंय की महासागरांचा तळ बेसॉल्टचा आणि भूखंड ग्रॅनाइटचे, असं पुस्तकात वाचलं. पण आपला सह्याद्री तर सगळा काळ्या बेसॉल्टचा. मग आपण नेमके कशावर उभे आहोत? आणि एकाच पृथ्वीला दोन तऱ्हेची कवचं आली कुठून?

पहिला भाग आधी. काळा कातळ हे आपल्या जमिनीचं सारवण आहे, भिंत नव्हे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी खोल भोक घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. त्याखाली गाळाचा एक पातळ थर लागला आणि मग नाइस, म्हणजे ग्रॅनाइटच्याच कुळातला, उष्णता आणि दाबाने पट्टे पडलेला खडक. कोयनेजवळ रासाटीला सारवण जाड आहे, तिथे नाइस लागायला सुमारे ९३० मीटर खाली जावं लागलं. पण भूखंडाचं कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं. त्यापुढे सह्याद्रीचा बेसॉल्ट किती, ते तुम्हीच ताडून पाहा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जुन्या भूखंडावर येऊन पसरला, एवढंच घडलं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नांदेडहून देगलूरकडे जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काळी जमीन हळूहळू मागे पडली आणि माळावर गोलाकार, गुलाबी-राखाडी धोंडे दिसू लागले. उतरून हात लावला. गारगोटीचे कण, फेल्स्पार या खनिजाचे चकचकीत पैलू, मध्येच काळं अभ्रक. घराजवळच्या डोंगरात यातलं काहीच कधी पाहिलं नव्हतं. गडचिरोली-भंडाऱ्याकडे आणि गोव्याच्या सीमेवर अनमोड घाटातही हा जुना पाया उघडा पडला आहे. अनमोडचा नाइस तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे.

आता खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, ‘हलकं वर आलं, जड खाली गेलं.’ लोखंडाच्या गाभ्यापुरतं ते बरोबर आहे. चंद्रालाही ते लागू पडतं. तिथे वितळलेल्या खडकाच्या समुद्रावर फेल्स्पार तरंगून वर आला आणि दुधावर साय धरावी तसं कवच झालं. पण आपले भूखंड ही साय नाही. तसं असतं तर सगळ्या पृथ्वीवर सारखाच थर धरला असता. भूखंड एकदम झालेले नाहीत. ते पुन्हा पुन्हा गाळून काढलेले आहेत.

थंडीत रवाळ तुपाची बरणी उन्हात ठेवून पाहा. सगळं तूप एकदम वितळत नाही. आधी थोडं पातळ तूप सुटतं आणि रवा खाली तसाच राहतो. पातळ भाग आणि रवा एकाच तुपातले, तरी घटकांनी वेगळे. खडकाचंही तसंच. कवचाखालच्या जाड खडकाळ थरात, म्हणजे प्रावरणात, सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं संयुग) साधारण ४५ टक्के असते. तो खडक अर्धवट वितळला की सुटलेल्या शिलारसात ती ५० टक्क्यांच्या आसपास जाते. हाच बेसॉल्ट, महासागराचा तळ. म्हणजे पहिलं गाळप झालं.

दुसऱ्या गाळपाला पाणी लागतं, आणि इथेच पृथ्वी बाकीच्या ग्रहांपासून वेगळी पडते. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकलं की बर्फ कमी तापमानालाच वितळतो. खडकात मिठाचं हे काम पाणी करतं. समुद्रतळाचा बेसॉल्ट भेगांमधून पाणी पितो, ते खनिजांतच बांधलं जातं, आणि कवचाचा तो सरकता तुकडा, म्हणजे भूपट्ट, दुसऱ्या भूपट्टाखाली बुडाला की खोलवर ते सुटतं. आज बहुतेक ठिकाणी हे पाणी वरच्या प्रावरणाला वितळवतं. तीनशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी जास्त गरम होती, तेव्हा खोल गेलेला पाणीदार बेसॉल्ट स्वतःच अर्धवट वितळत असे. त्यातून सोडियम जास्त असलेला राखाडी खडक निघाला. अनमोडचा नाइस या घराण्यातला. पुढे हे राखाडी नाइसही वितळले आणि पोटॅशियमने भरलेला गुलाबी ग्रॅनाइट आला. कर्नाटकात रामनगरहून उत्तरेकडे शेकडो किलोमीटर गेलेला क्लोजपेट ग्रॅनाइटचा पट्टा साधारण २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो या बदलाची साक्ष आहे.

प्रत्येक गाळपात पोटॅशियम, युरेनियम, थोरियम ही मूलद्रव्यं आधी रसात उतरतात, कारण प्रावरणातल्या खनिजांच्या जाळीत ती नीट बसत नाहीत. म्हणून प्रावरण आणि कवच मिळून जेवढं वजन होतं, त्याच्या जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भूखंडांत असताना, या मूलद्रव्यांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त एवढ्याशा कवचात गोळा झाला आहे.

इतक्या मोठ्या कवचातल्या घटकांची सरासरी काढतात कशी? १९२४ मध्ये क्लार्क आणि वॉशिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ५,१५९ खडकांची रासायनिक पृथक्करणं एकत्र करून ती काढली. पुढच्या दशकातली भूरसायनशास्त्रज्ञ गोल्डश्मिट यांची युक्ती मला त्याहून आवडते. दक्षिण नॉर्वेत हिमनद्यांनी वेगवेगळे खडक दळून चिकणमाती केली होती. त्यांनी तीच तपासली. दळणाचं काम निसर्गानेच करून ठेवलं होतं, आणि सिलिका दोन्हींकडे साठीच्या जवळच आली.

ही झाली वरच्या भागाची गोष्ट. खालचा भाग बघायला भारतासारखी जागा नाही. दक्षिण भारताचं जुनं कवच कलतं उचललं गेलं आणि झिजलं आहे, त्यामुळे उत्तर कर्नाटकातून तामिळनाडूकडे जाणं म्हणजे कवचात वरून खाली उतरत जाणं. शेवटी लागतो चार्नोकाइट, काळपट-हिरवा, कोरडा, खोलवर भाजून निघालेला खडक. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जॉब चार्नॉक यांच्या कोलकात्यातल्या समाधीचा दगड याच जातीचा, म्हणून हे नाव.

आजच्या अंदाजांनी वरच्या कवचात सिलिका ६६-६७ टक्के, तळाशी सुमारे ५३ आणि एकूण सरासरी ६०-६१. आणि इथे हिशेब अडतो. प्रावरणातून मुख्यतः बेसॉल्टच येतो, पन्नाशीचा. त्यातून ग्रॅनाइट काढून घेतला तर मागे राहिलेला चोथा याच कवचाच्या तळाशी असायला हवा, आणि तो धरला तर सरासरी पन्नाशीलाच परतायला हवी. मग चोथा गेला कुठे? सर्वांत पटणारं उत्तर असं, की खोलवरच्या दाबाखाली त्यात गार्नेट हे जड खनिज तयार होतं, तो प्रावरणापेक्षाही जड होतो, आणि त्याचे तुकडे कवचापासून सुटून खाली बुडतात. मला या सगळ्या कथेत हे सर्वांत विलक्षण वाटतं. भूखंड टिकला, कारण आपल्या अंगाचा मोठा भाग त्याने खाली सोडून दिला.

सुरुवात कधी झाली? ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेला झिरकॉन या टिकाऊ खनिजाचा कण ४४० कोटी वर्षांचा आहे. कॅनडातला अकास्टा नाइस सुमारे ४०० कोटींचा. उलट महासागराचा तळ जवळपास सगळा २० कोटींच्या आतला, कारण तो जड असल्याने परत बुडतो. अनेक अंदाजांनुसार निम्म्याहून जास्त भूखंडीय कवच ३०० कोटी वर्षांपूर्वीच तयार झालं होतं. पण ते तेव्हापासून साठत गेलं की बनत आणि मोडत राहिलं, यावर अजून जोरात वाद आहे. अँडीजमध्ये आणि जपानखाली आजही नवा भूखंड बनतो आहे, आणि त्याच पट्ट्यांत समुद्रातल्या गाळाबरोबर जुना भूखंड खाली ओढलाही जातो आहे.