चौथीतला गणवेश अजून होतो

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, उंची १२८ सेंटिमीटर. चौथीतला गणवेश अजून अंगाला होतो. जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती. सासूबाई म्हणतात, उशिरा वाढेल. थांबू का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, थांबू नका. उंची आणि ती सुजलेली पावलं, दोन्ही मिळून मला टर्नर सिंड्रोमची शंका येते. यात दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्ण किंवा अर्धवट नसतं. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला हे असतं. तुमच्या गरोदरपणातल्या कशामुळेही हे होत नाही. घरात कुणी बोललं तर ठामपणे सांगा.

रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची, तपासणी करून घ्या. निदान झालं, तर हृदयाचा इको आधी. महाधमनीतला दोष वरून दिसत नाही. मग मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइड, कान. हाडांची वाढ शिल्लक असेल तर ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं अजून उपयोगी पडतात. वयात येण्यासाठी लागणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन अगदी थोड्या मात्रेनं सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवतात. माझ्याकडे अशा मुली सोळाव्या-सतराव्या वर्षी येतात, तेव्हा फार हळहळ वाटते.

तिच्यापासून लपवू नका. आणि येताना शाळेतल्या उंचीच्या जुन्या नोंदी आणा.