मल्टिप्लायरचा व्होल्टेज वाढवण्याआधी बॅकग्राउंड बघा

क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरवर (वायूचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) आर्गॉनमधला ५० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड मोजायचाय, सेकंदाला ५ रीडिंग, वस्तुमान २८ वर (कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन दोन्ही इथेच दिसतात) नुसता नॉइज आणि मल्टिप्लायरचा व्होल्टेज चढवूनही फरक शून्य. तुमचं हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. आधी तो व्होल्टेज खाली आणा.

मल्टिप्लायर आयनांची संख्या वाढवत नाही, आलेल्या आयनाचा करंट मोठा करतो. एका रीडिंगमध्ये सॅम्पलचे १,००० आणि बॅकग्राउंडचे (चेंबरमध्ये आधीच असलेल्या वायूंचे) ९,००० आयन आले, तर नॉइज १०,००० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १००. सिग्नलच्या १० टक्के! एमिशन (आयन बनवणारा, फिलामेंटमधून निघणारा इलेक्ट्रॉनांचा करंट) दुप्पट केलंत तर दोन्ही दुप्पट होऊन तो ७ टक्क्यांवर येतो. पण बॅकग्राउंड १,००० वर आणलंत तर साडेचार टक्के, तेही फिलामेंट न झिजवता. मला सगळ्यात महाग पडलं ते इथेच. सर्व्हिसवाल्यांनी दोनदा "मल्टिप्लायर बदला" एवढंच सांगितलं, बॅकग्राउंड किती आहे हे कुणी विचारलंच नाही. त्याचा राग अजून आहे.

इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करून २८ सोबत १२, १४, ३२ आणि ४४ बघा. १४ (नायट्रोजनचा तुकडा) आणि ३२ (ऑक्सिजन) दिसले तर हवा शिरतेय. जोडांवर हीलियम फिरवा आणि त्याच्या वस्तुमानावर, ४ वर, नजर ठेवा. १४ नाही पण १२ (कार्बन) आहे, तर कार्बन मोनॉक्साइड तापलेल्या फिलामेंटजवळून आणि भिंतींतून सुटतोय. ४४ (कार्बन डायऑक्साइड) उंच असेल तर त्याचा साधारण दहावा हिस्सा २८ वर पडतो, तो वजा करा. मग शुद्ध आर्गॉन सोडा. त्यानंतर २८ जेवढा वाढेल तेवढा दोष सिलिंडर, रेग्युलेटर किंवा लाइनचा. टेफ्लॉनची नळी असेल तर काढून स्टीलची लावा, टेफ्लॉनमधून हवा झिरपते.

यानंतर चेंबर रात्रभर बेक करा, म्हणजे तापवून भिंतींतले वायू काढून टाका. तापमान तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलं असेल तेच. टंगस्टनऐवजी यिट्रियाचा लेप असलेलं इरिडियम फिलामेंट कमी तापमानावर चालतं, त्यामुळे वायूही कमी सुटतात. पैसे खर्च करायचेच असतील तर मल्टिप्लायरपेक्षा बंद आयन-सोर्सवर (आयन बनतात तो भाग, जवळजवळ बंद पेटीसारखा) करा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात सॅम्पलचा दाब चेंबरपेक्षा बराच जास्त राहतो आणि चेंबरचं बॅकग्राउंड त्या मानाने मागे पडतं. (हे सगळं क्वाड्रुपोलबद्दल. टाइम-ऑफ-फ्लाइट, म्हणजे आयनांच्या उड्डाणाचा वेळ मोजणारं यंत्र, असेल तर हिशेब वेगळा.)

आर्गॉनचा संदर्भ (ज्याच्याशी २८ ची तुलना करायची तो) ४० वर घेऊ नका, तो प्रचंड करंट मल्टिप्लायरला खातो. ३६ या हलक्या आइसोटोपवर घ्या, तिथे आर्गॉनचा जेमतेम ०.३ टक्के भाग असतो. २८, ३६ आणि ४४ प्रत्येकी ५० मिलिसेकंद दिले तरी एका रीडिंगच्या २०० मिलिसेकंदांत मास बदलताना स्थिर व्हायला वेळ उरतो.

आणि कॅपिलरीच्या (सॅम्पल आत नेणारी बारीक नळी) आधी फिल्टर असेल तर त्याचं आकारमान बघा. ५ मिलिलिटरचा फिल्टर आणि मिनिटाला २० मिलिलिटर प्रवाह म्हणजे १५ सेकंदांचा विलंब. मग सेकंदाला ५ रीडिंग घेऊन उपयोग नाही.