राजकीय उलथापालथ आणि आपली ओळख कवितेत कशी दिसते?

तुम्ही विचारलंय की राजकीय उलथापालथ आणि लोकांची सांस्कृतिक ओळख कवितेत कशी उतरते. मला वाटतं घोषणेत ती फारशी उतरत नाही, घोषणा मोर्चापुरती असते. एका माणसाचं घरातलं दुःख आणि सगळ्या समाजाचं दुःख जिथे एकाच ओळीत येतं तिथे ती खरी दिसते.

आपल्याकडचंच घ्या ना. अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या ढंगाचं गाणं, वरवर ऐकली तर पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडच्या मैनेच्या आठवणीने कासावीस झालाय एवढंच वाटतं, तिच्या रूपाचं वर्णन, निरोपाची घडी, मग मुंबईतली श्रीमंती आणि गरिबी, आणि शेवटाकडे छक्कड एकदम वळते, जशी मैनेची भेट नाही तशीच गत खंडित महाराष्ट्राची, बेळगाव कारवार डांग उंबरगाव दुसऱ्याच्या ताब्यात. भाषावार प्रांतरचना हा खरंतर कमिशनच्या रिपोर्टातला रुक्ष विषय, पण घरदार गावाला ठेवून आलेल्या गिरणी कामगाराला तो वेगळा समजवायची गरजच पडली नाही, ताटातूट काय असते ते त्याला माहीतच होतं. १ मे १९६० ला राज्य झालं पण बेळगाव कारवार बाहेरच राहिले, म्हणून ती छक्कड मला आजही जुनी वाटत नाही.

दुसरं उदाहरण रशियातलं, कवयित्री आना अख्मातोवा. स्टालिनच्या काळात १९३८ ला तिच्या मुलाला पकडून नेलं आणि ती लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर इतर बायकांसोबत महिनोन्महिने रांगेत उभी राहिली. रांगेतल्या एका बाईने तिला हळूच विचारलं, हे सगळं तुम्ही लिहू शकाल का, आणि ती म्हणाली हो. त्यातून 'रेक्विएम' ही दीर्घ कविता झाली. पण हे कागदावर सापडलं तर जिवावर बेतणार, म्हणून ती कपट्यावर ओळी लिहून विश्वासातल्या मैत्रिणीला वाचायला द्यायची, मैत्रिणीचं पाठ झालं की कागद तिथेच जाळून टाकायचा. अशा मोजक्या लोकांच्या डोक्यात ती कविता वर्षानुवर्षं राहिली! १९६३ ला म्युनिकमध्ये छापली गेली, खुद्द सोव्हिएत संघात १९८७ ला, तोवर अख्मातोवा जाऊन वीसेक वर्षं झाली होती. त्या कवितेत राजकारणावर भाषण जवळजवळ नाहीच, एक आई मुलासाठी रडतेय, आणि त्या रांगेतली प्रत्येक बाई त्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल थेट राजकीय कविता मग कमी प्रतीची का. तसं अजिबात नाही. पॅलेस्टाईनचे कवी महमूद दरवीश, १९४८ ला त्यांचं गाव उद्ध्वस्त झालं, त्यांची 'ओळखपत्र' ही १९६४ ची कविता म्हणजे अधिकाऱ्याला तोंडावर दिलेलं उत्तर आहे, लिहून घे, मी अरब आहे. ती प्रचंड गाजली. पण पुढे लोक सारखी तीच मागायला लागले तर त्यांनाच ते नकोसं झालं, कारण माणूस एवढाच नसतो. तुरुंगात असताना त्यांनी आईवर एक कविता लिहिली, आईच्या हातची भाकरी, तिची कॉफी, तिचा स्पर्श, बस एवढंच. लोकांनी त्या आईत आपला देश पाहिला. १९८८ चा पॅलेस्टाईनच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाही ह्याच माणसाने लिहिलाय, तरी तुम्हाला दरवीश वाचायचे असतील तर मी सांगेन आधी ती आईची कविता वाचा, 'ओळखपत्र' नंतर.