मुंबईच्या पाण्यासाठीच्या गारगाई धरणाविरुद्ध हरित लवादात दाद मागता येते का?

येते, पण पर्यावरण किंवा वन मंजुरीपुरतीच. धरण तानसा अभयारण्यात येतं, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेने मांडा. कारण लवादाच्या २०१० च्या कायद्यातल्या अनुसूचीत (लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकू शकतो त्यांच्या यादीत) १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नाही. याचिकेत या वन्यजीव कायद्याच्या कलम २९ वर भर द्या: अभयारण्यातलं पाणी अडवायला, वळवायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना लागतो आणि तो वन्यजीवांच्या हितासाठी आवश्यक असेल तरच देता येतो. मुंबईची तहान त्यात बसत नाही, हा खरा जोरकस मुद्दा. मंजुरीविरुद्ध लवादाच्या पुण्याच्या खंडपीठात अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्यापुढे लवादालाही उशीर माफ करता येत नाही. मात्र अपील दाखल झालं म्हणून काम थांबत नाही, स्थगितीचा अर्ज सोबतच जोडा.