ऑपरेशनआधीचे १४ दिवस

ताई, वजन कमी करायच्या (बेरिॲट्रिक) ऑपरेशनआधीच्या या पथ्यात पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. हे पथ्य मुळात वजनासाठी नाहीच, लिव्हरसाठी आहे. लिव्हरचा डावा भाग जठरावर आलेला असतो. चरबीने तो फुगलेला असला, की दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बाजूला धरणं जड जातं. गोड-पिठूळ तोडलं की तो दोन आठवड्यांत आकसतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दिवसाला ८०० ते १००० कॅलरी आणि प्रोटीन भरपूर.

आता इंदूरात राहून पोहे-जिलबी सोडायची म्हणजे काय, ते मला विचारा! मी तर संध्याकाळी सराफ्याचा, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजाराचा, रस्ताच टाकला. आणि शिकंजीला लिंबूपाणी समजू नका हो, आपल्याकडची म्हणजे आटवलेलं गोड दूध. वरणाच्या पाण्यावरही राहू नका, त्यात प्रोटीन नावालाच. प्रोटीनची पावडर गार पाण्यात घुसळा; उकळत्या दुधात गुठळ्या होतात.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डोस आधीच डॉक्टरांना विचारा. मी विचारला नव्हता. खाणं निम्मं, डोस तोच. तिसऱ्या दिवशी शुगर एकदम उतरली आणि देवघरासमोर घामाघूम होऊन खाली बसले.