फंडाची नोटीस आली म्हणून बाबांचा फ्लॅट जातो का?

पत्र मोठं होतं म्हणून थोडक्यात सांगतो काय विचारलंय ते. नाशिकचे एक वाचक, वय ३४, आयटीतली नोकरी सोडून मित्राबरोबर द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीचं वेळापत्रक देणारं ॲप काढलं, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. २०२१ मध्ये एका व्हेंचर कॅपिटल फंडाने १ कोटी ८० लाख टाकले, बदल्यात कंपनीत १६ टक्के हिस्सा देणारे सीसीपीएस (एका प्रकारचे शेअर, पुढे सांगतो) घेतले. ॲप चाललं पण शेतकरी पैसे देईना, आता खात्यात ६ लाख उरलेत, मित्र टोरांटोला निघून गेलाय, आणि फंडाच्या वकिलाची नोटीस आलीय की चार वर्षांत एक्झिट (पैसे काढून घ्यायची वाट) दिली नाही, सबब करारानुसार कंपनी आणि/किंवा प्रमोटर्सनी (म्हणजे हे दोघे संस्थापक) आमचे शेअर वार्षिक १८ टक्के परताव्यासह ३० दिवसांत विकत घ्यावेत, नाहीतर आर्बिट्रेशन (लवाद) आणि फसवणुकीची तक्रार. रक्कम साधारण साडेतीन कोटी. प्रश्न असा की "ही गुंतवणूक होती का कर्ज, आणि बाबांच्या नावावरचा फ्लॅट जाईल का?"

फ्लॅटचं आधी सांगतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. बाबांनी कुठे सही केलेली नाही, ते कंपनीत डायरेक्टर नाहीत, गॅरंटर नाहीत, फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या पैशाचा आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तो जात नाही. विषय संपला. तुमच्या स्वतःच्या नावावर जे आहे त्याचं मात्र वेगळं आहे, त्याकडे येतो.

आता गुंतवणूक का कर्ज. सीसीपीएस म्हणजे कधी ना कधी साध्या शेअरमध्ये बदलणारच असा प्रेफरन्स शेअर, तो परत करायचा नसतोच मुळी. शेअर घेणारा कंपनीचा मालक होतो, सावकार नाही, कंपनी बुडाली की त्याचे पैसे बुडाले. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर रिडीमेबल, म्हणजे मुदतीनंतर पैसे परत करायच्या, प्रेफरन्स शेअरवाल्यालासुद्धा दिवाळखोरी कायद्याखाली फायनान्शियल क्रेडिटर (कर्ज देणारा धनको) मानायला नकार दिला, तुमचे तर कन्व्हर्टिबल आहेत. आणि कंपनीने शेअर परत घ्यायचे म्हटलं तर कंपनी कायद्याचं कलम ६८ आडवं येतं, भागभांडवल आणि फ्री रिझर्व्हच्या २५ टक्क्यांच्या वर बायबॅक नाही, आणि कंपनी देणी फेडू शकते असं डायरेक्टरांनी ॲफिडेव्हिटवर लिहून द्यावं लागतं. ६ लाख बॅलन्स असलेल्या कंपनीत तुम्ही ते ॲफिडेव्हिट केलंत तर मला तुमची दुसरी केस घ्यावी लागेल. म्हणजे कंपनीकडून त्यांना काही मिळणार नाही, हे त्यांनाही माहितीये. म्हणूनच त्या क्लॉजमधले "आणि/किंवा प्रमोटर्स" हे शब्द महत्त्वाचे, सगळी नोटीस त्या तिरक्या रेघेवर उभी आहे.

तुमच्या सीएंनी सांगितलं की असा खात्रीचा परतावा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बेकायदेशीर आहे, तेव्हा घाबरू नका. सीए भले माणूस असतील पण हे अर्धवट आहे. तो नियम फेमाचा (परकीय चलन कायद्याचा), गुंतवणूकदार परदेशी असेल तर लागू. तुमचा फंड सेबीकडे नोंदलेला कॅटेगरी वन एआयएफ (खासगी गुंतवणूक फंडाचा एक प्रकार), भारतीय ट्रस्ट. (त्याचा मॅनेजर, म्हणजे फंड चालवणारी कंपनी, परदेशी मालकीची आहे का ते मात्र बघायला हवं, असली तर गणित थोडं बदलतं.) आणि फंड परदेशी असला तरी तुम्ही सुटताच असं नाही, टाटा आणि जपानी डोकोमोच्या भांडणात हाच मुद्दा होता, तरी २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अवॉर्ड (लवादाचा निकाल) कायम ठेवलाच, कारण ती रक्कम करार मोडल्याची भरपाई धरली गेली. आपल्याकडे मुंबई हायकोर्टाने २०१९ मध्ये एडलवाईस विरुद्ध परसेप्टमध्ये ठरलेल्या किमतीला शेअर परत घ्यायची अट वैध धरलीय. तेव्हा "असली अट कोर्टात टिकतच नाही" या भरवशावर राहू नका. प्रमोटरने स्वतः विकत घेईन असं स्वच्छ लिहून दिलं असेल तर टिकू शकते.

पण स्वच्छ लिहून दिलंय का, हा खरा प्रश्न. तुम्ही क्लॉजचा फोटो पाठवलात तो एकाच पानाचा. मला अख्खा करार लागेल, कारण बऱ्याच करारांमध्ये एक्झिटचा क्रम असतो, आधी आयपीओ, मग कंपनी विकणे, मग बायबॅक, आणि प्रमोटरवरची जबाबदारी अगदी शेवटी, तीही कधी "प्रयत्न करतील" एवढीच. प्रयत्न करतील आणि विकत घेतील यात साडेतीन कोटींचा फरक आहे. शिवाय जबाबदारी "संयुक्त व स्वतंत्र" आहे का तेही बघायचं, असली तर टोरांटोच्या मित्राच्या मागे जाण्याचे कष्ट फंड घेणार नाही, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ४३ खाली अख्खी रक्कम तुमच्याकडेच मागेल आणि मग अर्धी मित्राकडून वसूल करायचं तुमचं तुम्ही. १८ टक्क्यांच्या आकड्यावर कलम ७४ चा वाद घालता येतो, ही दंडाची रक्कम आहे, वाजवी भरपाईच मिळावी म्हणून. घालूच, पण तो शेवटचा पत्ता, पहिला नाही.

आता पत्रात मध्येच एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात पण मी तिथेच अडकलो. "२०२३ च्या एमआयएसमध्ये फुकट ट्रायलवाले शेतकरीपण पेड ग्राहकांत धरले होते, सगळेच धरतात." (एमआयएस म्हणजे कंपनी फंडाला देते तो आकडेवारीचा रिपोर्ट.) अहो, सगळे काय करतात ते आर्बिट्रेटर विचारत नाही. धंदा बुडणं हा गुन्हा नाही, आणि दिलेलं वचन न पाळणं म्हणजे फसवणूक नाही, सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू असावा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगून झालंय. त्यामुळे नोटिशीतली फसवणुकीची धमकी, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ४२० (आताच्या न्याय संहितेचं ३१८), एरवी मी फारशी मनावर घेतली नसती. पण त्या एमआयएसनंतर फंडाने आणखी पैसे दिले होते का? १ कोटी ८० लाख एकाच वेळी आले की दोन हप्त्यांत? हप्त्यांत आले असतील आणि दुसरा हप्ता तो रिपोर्ट बघून सोडला असेल तर धमकीत दम आहे, आणि करारातली भरपाईची कमाल मर्यादासुद्धा बहुतेक फ्रॉडला लागू नसते. पैसे २०२१ मध्येच सगळे आले असतील तर त्या रिपोर्टने कोणाचा खिसा कापला हे त्यांना सिद्ध करणं अवघड. काहीही असो, ते ईमेल, त्या शीट, काही म्हणजे काही डिलीट करू नका. तुम्ही इकडचं पुसलं तरी त्यांच्या इनबॉक्समध्ये आहेच, वर पुसल्याचा दोष लागेल तो वेगळा.

दुसरं तुम्ही विचारलंय की सिडकोतला स्वतःचा वन बीएचके बायकोच्या नावे करून टाकू का. नको. महाराष्ट्रात बायकोच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपये मुद्रांक शुल्कात होतं म्हणून सगळ्यांना तो मोह होतो, पण घेणेकऱ्यांना चकवायला केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं, आणि नोटीस आल्यानंतरच्या तारखेचं बक्षीसपत्र म्हणजे हेतूचा पुरावा तुम्हीच रजिस्टर करून दिल्यासारखं. वर आर्बिट्रेटरसमोर पहिल्याच दिवशी फंडवाले मालमत्तेवर मनाई मागतील. तुमच्या स्वतःच्या पीएफला हात लागत नाही, तेवढं धरून चाला.

मला विचाराल तर फंडाला तुमचं घर नकोच आहे. या धंद्याचं गणितच असं की दहातल्या बऱ्याच कंपन्या शून्य होणार, एखाद-दुसरी सगळ्यांचे पैसे काढून देणार. पण फंडाला मुदत असते, ती संपली की गुंतवणूकदारांच्या दोन तृतीयांश मूल्याच्या मंजुरीने फार तर दोन वर्षं वाढते, मग सगळं आवरायचं असतं. तेव्हा तुमची कंपनी राइट ऑफ करायला, म्हणजे बुडीत खात्यात टाकायला, फाइलमध्ये "आम्ही वसुलीचा प्रयत्न केला" एवढा कागद लागतो. तुमची नोटीस त्यातली वाटते, खात्री नाही देत, पण मजकूर तसा ठोकळेबाज आहे. अशा वेळी तडजोड होते. ते शेअर नाममात्र किमतीला सोडतात, तुम्ही कोड आणि ब्रँड हवा तर देता, आणि दोघं एकमेकांवरचे सगळे दावे सोडतात. फक्त त्या कागदावर सही फंडाच्या मॅनेजरची नको, ट्रस्टीमार्फत ट्रस्टची हवी, कारण करार तुमचा ट्रस्टशी आहे. उद्या मॅनेजर बदलला तर नवीन माणूस पुन्हा दार वाजवेल.

तोपर्यंत फंडातल्या त्या ओळखीच्या मुलाला व्हॉट्सॲपवर "सर थोडा वेळ द्या, मी पैसे फेडतो" असलं काही पाठवू नका. पाठवलं असेल तर मला सांगा. शेअरचं कर्ज त्या एका मेसेजने व्हायला लागतं. नोटिशीला उत्तर वकिलाकडूनच जाऊ दे, दोन पानं पुरेत, क्लॉज नाकारायचा, हक्क राखून ठेवायचे, चर्चेची तयारी दाखवायची. तीस दिवसांतले अकरा गेलेत.

आणि ते ६ लाख फंडासाठी राखून ठेवू नका. आधी तीन मुलांचा थकलेला पगार, त्यांच्या पगारातून कापून न भरलेला पीएफ आणि टीडीएस भरा. फंडाचं भांडण मुळात दिवाणी आहे, कापलेला पीएफ न भरणं हे थेट डायरेक्टरच्या अंगावर येणारं प्रकरण आहे, आणि पत्रात तुम्ही त्याला अर्धी ओळ दिलीय. कंपनी बंद करायचा अर्ज त्यानंतर, देणी बाकी असताना एसटीके-२ (तो अर्जाचा फॉर्म) भरता येत नाही, आणि त्यालाही फंडाची संमती लागेल का ते आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) बघावं लागेल.

येताना अख्खा करार, आर्टिकल्स, पैसे कधी किती आले त्याचं बँक स्टेटमेंट आणि २०२३ चे सगळे एमआयएस घेऊन या. आणखी एक आठवून बघा, पैसे घेताना "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून सही केलेला कोरा चेक फंडाला दिला होता का. पत्रात तसं काही नाही, पण दिला असेल तर तो बाउन्स व्हायच्या आधी मला कळलं पाहिजे.